वाढीव मुदत आणि मराठी साक्ष : पाचवी लोकसभा

विधिमंडळाच्या कार्यकालाचा विचार बहुधा घटनाशास्त्राच्या अंगाने होतो. पाचव्या लोकसभेबाबत मात्र साहित्याच्या अभ्यासकालाही त्यात लक्ष घालावे लागते. या लोकसभेची पहिली बैठक १९ मार्च १९७१ रोजी भरली. पाच वर्षांची मुदत १८ मार्च १९७६ रोजी संपावयाची होती. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि संविधानाच्या ८३व्या अनुच्छेदाच्या आधारे १९७६ मध्ये ही मुदत दोनदा, एकेका वर्षाने, वाढविण्यात आली. वाढ कायदेशीर होती. ती न्याय्य होती काय, हा प्रश्न वेगळा.

या एकाच सभागृहातील तीन मराठी सदस्यांनी त्याची तीन उत्तरे जगून दाखविली. साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण मंत्रिमंडळात राहिले. राजापूरचे मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. बिहारमधील बांका येथून निवडून आलेल्या मधु लिमये यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. पाच वर्षांच्या जनादेशापलीकडे खासदार राहणे त्यांनी नाकारले.

संसदेतील कामकाज निर्वेधपणे प्रसिद्ध करण्यास संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही याच काळात रद्द झाला. सभागृहातील शब्द सभागृहातच अडल्यावर साक्षीचा भार बाहेरच्या वाणीवर आला. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात यशवंतराव स्वागताध्यक्ष होते. त्याच व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करविली. दुर्गाबाईंना पुढे कारावास घडला.

येथे शब्दांची तुलना उद्बोधक ठरते. हिंदीतील 'आपातकाल' या शब्दातच 'काल' आहे. त्यात दीर्घता सामावते. मराठीत 'आणीबाणीची वेळ' येते ती निकराच्या क्षणी, आणि क्षण निभावला की ती सरते. एकवीस महिने टिकलेल्या आणीबाणीने या अर्थालाच ताण दिला. सभागृहाची आणि शब्दाची, दोहोंची मुदत एकाच वेळी वाढविली गेली.

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली. तरी १८ जानेवारी १९७७ रोजी हे सभागृह विसर्जित झाले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत पुनः प्रस्थापित झाली. मुदत ही सत्तेने मतदाराला दिलेल्या शब्दाची मर्यादा असते. लिमये यांच्या राजीनाम्याचे मोल त्या मर्यादेच्या जाणिवेत आहे.