सोलापूरचा माळ आणि माळढोक

पावसाळा आला कीं गांवोगांवीं वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. वृक्ष लावणें हें पुण्यकर्म खरेंच. परंतु तें कोठें करावें याचाहि विवेक हवा. मोकळा माळ दिसला कीं त्यास पडीक ठरवून तेथें खड्डे खणावयाचे, हा प्रघात आम्हांस शास्त्राला धरून वाटत नाहीं.

आयुर्वेदानें देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन भेद केले आहेत. चरकसंहितेंतील जांगल देश म्हणजे निबिड अरण्य नव्हे. मोकळें आकाश, कोरडा वारा, मृगजळ, खैर, बोर, शमी असे वृक्ष आणि लावा, तित्तिर, चकोर हे पक्षी, असें त्याचें वर्णन आहे. इंग्रजांनीं हाच शब्द उचलला; त्यांच्या भाषेंत मात्र त्याचा अर्थ घनदाट रान असा झाला! पातळ मुरमाड जमीन व बेताचा पाऊस असलेला सोलापूरचा माळ हा जांगल देशाचाच नमुना होय. येथें पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचें राज्य. त्यांचीं मुळें माती धरून ठेवतात. त्यांवर काळवीट जगतो आणि धनगरांचीं मेंढरेंहि जगतात.

या माळाचा राजा माळढोक. उंची सुमारें एक मीटर. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. दूरवर दृष्टि पोंचली तरच शत्रु वेळीं दिसावयाचा. म्हणून दाट झुडपें वाढलीं कीं हा पक्षी तेथें टिकत नाहीं. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. पुढें तें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आलें. भोंवतालच्या माळांवर नांगर फिरला, पाटाचें पाणी आलें, ऊंस आला. शिवाय नान्नजच्या संरक्षित माळावरहि मेक्सिकोकडील गिरिपुष्पाचीं झाडें लावलीं गेलीं. अलीकडील गणनांत तेथें एखादा माळढोक दिसला तर दिसला.

तीं झाडें काढून गवत पुन्हां वाढविण्याचें काम वनखात्यानें हातीं घेतलें आहे. तें दिसतें तितकें सोपें नाहीं. नुसतें खोड तोडलें तर पुन्हां धुमारे फुटतात. देशी गवताचें बीं पावसाळ्याअखेर पक्व झाल्यावर गोळा करावें, पुढील पावसाच्या तोंडावर पेरावें, आणि गवत रुजेपर्यंत चराई थांबवावी लागते. पुढें मात्र बेताची चराई गवताला मारक नसते. म्हणून धनगरांस सर्वस्वीं वगळून हें कार्य साधेल असें आम्हांस वाटत नाहीं.

माळढोक परत येईल काय? देशांत आतां दीडशेंच्या आंतबाहेरच पक्षी उरले असून बहुतेक राजस्थानांत आहेत. तेथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचा उपक्रम चालू आहे. परंतु पिलें वाढलीं तरी त्यांस सोडावयाचें कोठें? माळच उरला नाहीं तर त्या खटाटोपाचें फळ काय?

वाचकांस एवढीच विनंति कीं, झाड अवश्य लावावें. अंगणांत, विहिरीपाशीं, रस्त्याकडेला लावावें. माळावर मात्र गवतास त्याचें स्थान राहूं द्यावें. ज्याचा जो देश, त्यास तो लाभूं देणें हेंहि पुण्यकर्मच आहे.