फुटावर मोजलेले फोटो

सिनेमाची कच्ची फिल्म फुटावर विकतात आणि फोटोची फिल्म नगावर. माल एकाच जातीचा, रुंदीही एकच, 35 मिलिमीटर. पण बाजार दोन म्हणून भावही दोन. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या हरभट रस्त्यावर स्टुडिओ मांडून बसणाऱ्या माणसाला या दोन भावांमधली फट फार महत्त्वाची. गिऱ्हाईक बेताचे, फोटोचा दर गाव ठरवणार, आणि फिल्मचा दर मात्र सातासमुद्रापलीकडून ठरून येणार! मग काटकसर करायची ती कुठे?

हा हिशेब एकदा नीट मांडून पाहू. सिनेमाच्या एका फुटात 16 चित्रे बसतात. साध्या कॅमेऱ्याचे चित्र त्याच्या दुप्पट, म्हणून फुटाला 8. छत्तीस फोटोंच्या रोलला, पुढची जीभ आणि मागचे शेपूट धरून, साडेपाच फूट फिल्म लागते. पडद्यावर फिल्म सेकंदाला दीड फूट पळते. म्हणजे वाचकहो, अंतरपाटापासून पाठवणीपर्यंतचे ते 36 फोटो सिनेमावाल्याच्या लेखी पुरते चार सेकंदसुद्धा नव्हेत! त्याचा 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो. त्याच डब्यात आपल्या फोटोग्राफरचे सत्तरावर रोल निघतात. समजा, फिल्म फुटाला रुपया पडली, तर रोलचा ऐवज साडेपाच रुपयांचा. दुकानातल्या रोलची किंमत त्याहून जी काही जास्त असेल ती डबीची, खोक्याची, जाहिरातीची आणि मधल्या चार हातांची. रिकाम्या डब्या जपून ठेवाव्यात, रात्री खोलीची दारे-खिडक्या घोंगडीने बुजवावीत आणि हाताच्या अंदाजाने फिल्म कापून भरावी, की हा सगळा वरखर्च वाचला.

यात चोरून करण्यासारखे काही नाही. ही फिल्म मुळात सिनेमाचीच. एडिसनकडे काम करणाऱ्या विल्यम डिक्सनने 1890 नंतरच्या दोन-चार वर्षांत 70 मिलिमीटरची पट्टी उभी चिरून तिच्या कडांना भोके पाडली, तीच आजची 35 मिलिमीटरची फिल्म. पुढे जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा कारागीर दम्याने बेजार असे. जड कॅमेरे पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. त्याने 1914 च्या सुमारास सिनेमाची फिल्म आडवी चालवणारा एक चिमुकला कॅमेरा केला आणि सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट धरली. तोच लायका, 1925 साली तो लाइपझिगच्या जत्रेत मांडला गेला. कोडॅकची तयार भरलेली डबी आली ती 1934 साली.

आपल्या मुलखालाही अंधारात फिल्म हाताळण्याची विद्या नवी नाही. दादासाहेब फाळक्यांच्या काळात कच्ची फिल्म बिनभोकांची येई, आणि सरस्वतीबाई रात्री बसून तिला भोके पाडत. शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः घडवला. खुद्द सांगलीत 1934 साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत पिक्चर्सने ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. वाई-मेणवलीचा कृष्णाकाठ पुढे ‘स्वदेस’सारख्या हिंदी चित्रपटांत झळकला. इतका सिनेमा अंगणात, पण कच्ची फिल्म इथे पिकत नव्हती. ती परदेशातून मुंबईला आणि मुंबईहून इकडे यायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा असा दुष्काळ पडला, की सरकारने चित्रपटाच्या लांबीवरच 11,000 फुटांची मर्यादा घातली. निर्मात्यांनाच फूट मोजून मिळू लागले, तिथे गावच्या फोटोग्राफरला कोण विचारतो! स्वातंत्र्यानंतरही आयात परवान्यांवर चाले. उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना 1960 साली झाली आणि 1967 पासून तिथे फिल्म बनू लागली, तेव्हा ‘इंदू’ हे स्वदेशी नाव डब्यांवर दिसले. तो कारखाना आता बंद आहे.

स्वस्त फिल्मचा आणखी एक झरा म्हणजे ‘शॉर्ट एंड’. कॅमेऱ्यातल्या डब्यात शेवटी पन्नास-शंभर फूट उरतात. नवा प्रसंग तेवढ्यात बसणार नाही म्हणून सिनेमावाला ते कापून बाजूला टाकतो. त्याचे ते उष्टे, पण फोटोग्राफरच्या दहा-पंधरा लग्नांची ती बेगमी.

आता यातली मेख. डब्यावरची चिठ्ठी खरी असेलच असे नाही. चित्रीकरणाची निगेटिव्ह फिल्म वेगळी आणि चित्रगृहात पाठवायच्या प्रतींची पॉझिटिव्ह वेगळी. पॉझिटिव्ह इतकी मंद, की मांडवातल्या उजेडात तिच्यावर नवरीचा चेहराही उमटायचा नाही. रंगीत निगेटिव्हची तऱ्हा याहून निराळी. तिच्या पाठीला वर्षानुवर्षे काजळासारखा काळा थर असे. उजेड मागून परतून चित्राभोवती प्रभावळ उमटू नये, पळत्या फिल्मवर वीज साठू नये, ओरखडे पडू नयेत, म्हणून तो दिलेला. नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये असा रोल गेला, की काजळाच्या खपल्या सुटून सगळे रसायन नासते, आणि त्याच टाकीतल्या दुसऱ्याच्या बारशाचे फोटोही त्याबरोबर जातात. लॅबवाले अशा रोलला हात लावीत नाहीत, यात त्यांचा काय दोष? आधी अल्कलीच्या पाण्यात भिजवून थर मऊ करावा, चोळून धुवावा आणि मग सिनेमाच्याच रसायनात रोल धुवावा, हा खरा मार्ग. शिवाय यांतल्या काही फिल्म स्टुडिओच्या पिवळ्या दिव्यांसाठी केलेल्या. उन्हात वापरताना भिंगावर नारिंगी काच लावली नाही तर नवरदेव निळा पडतो. कृष्णधवल फिल्मला मात्र यांपैकी काहीच जाच नाही. कोडॅकची डबल-एक्स 1959 पासूनची. घरच्या डेव्हलपरमध्ये ती मुकाट्याने धुतली जाते.

डिजिटल आले आणि हा सगळा पटच उधळला. कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने 2013 मध्ये सिनेमाची चित्रीकरणाची फिल्म बनवणे थांबवले. फोटोवाल्यांना वाटले, बुडाला तो सिनेमा, आपले काय? पण दोन्ही फिल्म रॉचेस्टरच्या त्याच कारखान्यात बनतात. सिनेमाची मोठी मागणी नसेल तर फोटोच्या चार रोलांसाठी ती अजस्र यंत्रे कोण चालवणार? शेवटी 2015 मध्ये हॉलिवुडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून आज सांगलीतल्या एखाद्या हौशी पोराला आजोबांच्या कॅमेऱ्यात घालायला रोल मिळतो आहे. 2025 मध्ये कोडॅकने तो काजळाचा थर काढून फिल्मच्या पोटातच दुसरा थर द्यायला आरंभ केला. जुन्या साठ्यातले डबे अजून हिंडत आहेत, तेव्हा विकत घेताना तेवढे विचारून घ्यावे. चारशे फूट एकट्याला जड जातात. चौघांनी मिळून डबा घ्यावा, शीतकपाटात ठेवावा, आणि पहिला फूटभर तुकडा परसातल्या तुळशीवर खर्चून धुऊन पाहावा.