*पाइपातून आवाज येतोय? आधी तो केव्हा येतो ते पाहा*



ऐन रोवणीत घरची मोटर जळाली तर पाण्याचे हाल होतात आणि रिवाइंडिंगचा खर्चही अंगावर येतो. पण मोटर आणि पाइप बिघडण्याआधी बहुधा आवाज करून सांगतात. आवाज *केव्हा* येतो ते ध्यानात घेतलं, की बिघाड कुठे ते अर्धं कळलंच समजा.

*१) नळ बंद करताच "धाड्"*
भरलेली बंडी उतारावर एकदम थांबवली तर मागचा भार पुढे येतो, पाण्याचंही तसंच. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी झटक्यात अडवलं, तर लोखंडी पाइपात दाब क्षणभर १० किलोहून जास्त वाढतो. पीव्हीसीत तो कमी असतो, पण रोजच्या दणक्याने सांधे सुटतात. तोटी हळू फिरवा, ढिले क्लॅम्प कसून घ्या.

*२) मोटर बंद करताच दणका*
टाकीकडे चढलेलं पाणी मागे येऊन एनआरव्हीवर आपटतं. स्प्रिंगचा एनआरव्ही बसवला की दणका बराच कमी होतो. दणका नाही, पण पाणी खाली उतरल्याचा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी मोटरीत पाणी भरावं लागतं? मग फूट व्हॉल्व्ह गळतोय.

*३) मोटर चालू असताना खडी घुसळल्यासारखी खडखड*
विहिरीवरच्या मोटरीला पाणी ओढायला जड जातंय. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पाला अडकला का पाहा. पाणी मोटरीपासून ७ मीटर, म्हणजे साधारण २३ फुटांपेक्षा खाली गेलं असेल तर मोटर खाली घ्या. बोअरची मोटर आवाज बदलून हवा फेकत असेल तर लगेच बंद करा. तिला थंड ठेवतं ते पाणीच.

*४) नुसती "हूंऽऽ", पाणी नाही*
*ताबडतोब बंद करा.* कपॅसिटर गेला, व्होल्टेज कमी आहे किंवा पंखा अडकलाय. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर वाइंडिंग जळते.

*५) नळयोजनेच्या नळात आवाज*
पाणी सुटताना थोडा वेळ गुडगुड होणं साधं आहे, ती पाइपातली हवा. पण पाणी चालू असताना नळ "सूंऽऽ" करून हवा *आत* ओढत असेल, तर लाइनवर कुणीतरी थेट टिल्लू पंप लावला असू शकतो. अशा वेळी फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी पिण्याच्या लाइनीत येतं. कावीळ, हगवण अशीच पसरते. पाणी उकळून प्या, ग्रामपंचायतीला कळवा. आपल्या घरी असा पंप असेल तर आजच काढा.

*६) सगळे नळ बंद, तरी सळसळ*
रात्री टाकीच्या पाण्याला खूण करा. सकाळी पाणी खूणेखाली गेलं तर गळती नक्की. कोरड्या लाकडी काठीचं एक टोक पाइपाला, दुसरं कानाला लावून फिरा. आवाज जिथे मोठा, गळती तिथेच जवळपास.

⚠️ मोटरीला हात लावण्याआधी *मेन स्विच* बंद करा, नुसता स्टार्टर नाही. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून काम नको.

📱 आवाज अर्धा मिनिट मोबाइलवर रेकॉर्ड करून मिस्त्रीला पाठवा. केव्हा येतो तेही लिहा. कोणतं सामान आणायचं ते त्याला आधीच कळेल, तुमची एक खेप वाचेल.