पुस्तकाची किंमत कोणाच्या पदरी पडते?

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्याने संध्याकाळच्या वेळी फेरफटका मारला म्हणजे ग्रंथव्यवहाराचे एक मोठे राज्य आपल्याभोवती पसरलेले दिसते. शिकवणी-वर्गांच्या पाट्यांखाली पुस्तकांची दुकाने आहेत आणि त्यांत स्पर्धा-परीक्षांची मार्गदर्शके, प्रश्नसंच, तेलुगू व इंग्रजी पाठ्यपुस्तके यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. अशाच एका दुकानात आम्ही एका मराठी कथासंग्रहाची चौकशी केली. दुकानदार सौजन्याने म्हणाला, “मराठी? कोठी में पूछिए, साहब.” शेवटी ते पुस्तक आम्ही पुण्याहून टपालाने मागविले. ते आले त्या वेळी शेजारचा, आठवीत शिकणारा एक विद्यार्थी आमच्याकडे बसला होता. त्याने पुस्तक हातात घेतले, पाने चाळली, पाठीमागची किंमत वाचली आणि म्हणाला, “काका, एवढ्याशा पुस्तकाला तीनशे रुपये? मग हे लेखक फार श्रीमंत असतील, नाही?”

त्याच्या प्रश्नाचे आम्हांला हसू आले. पण पुष्कळ मोठ्या माणसांचीही समजूत याहून वेगळी नसते. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, त्या तीनशे रुपयांचा हिशेब आज आपण मांडून पाहू.

पुस्तकाचा आरंभ लेखकापासून होतो. त्याचे भांडवल म्हणजे त्याचा वेळ, व्यासंग आणि अनुभव. मराठीत केवळ लेखनावर चरितार्थ चालविणारे लेखक फार थोडे. बहुतेक जण शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार, बँकेतील वा सरकारी कचेरीतील नोकर असतात आणि पहाटे किंवा रात्री लिहितात. लेखन पूर्ण झाले की ते हस्तलिखित प्रकाशकाकडे जाते. पसंत पडल्यास उभयतांत करार होतो आणि छापील किमतीवर सामान्यतः दहा ते पंधरा टक्के मानधन ठरते. यालाच रॉयल्टी म्हणतात. ती प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींवर मिळते, छापलेल्या प्रतींवर नव्हे.

दुसरा मानकरी प्रकाशक. प्रकाशक म्हणजे छापखानेवाला, असा एक गैरसमज आहे. छापखाना पुस्तक छापतो. प्रकाशक त्याची जबाबदारी घेतो. शेकडो हस्तलिखितांतून निवड करणे, लेखकाशी चर्चा करून मजकूर निर्दोष करणे, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करवून घेणे, मुखपृष्ठ काढवून घेणे, कागद विकत घेणे, बांधणी करून प्रती गोदामात आणणे ही सारी कामे त्याची. पूर्वी शिशाचे खिळे एकेक जुळवून पान तयार होत असे. आज ते काम संगणकावर होते, परंतु चुका शोधणाऱ्या डोळ्यांची गरज मात्र कमी झालेली नाही. छापील पुस्तकावर वस्तु व सेवा कर नसला तरी कागदावर तो आहेच. शिवाय कायद्याने दिलेले कर्तव्य असते: १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व ठरलेल्या अन्य ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावी लागते.

प्रकाशक केवळ पैशाचा धोका पत्करतो असेही नाही. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. सुशिक्षित, अविवाहित स्त्रियांच्या मनातील दुःख त्यात उघडपणे मांडलेले असल्यामुळे महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लेखिका कोण हे लोकांस ठाऊक नव्हते, प्रकाशक ह. वि. मोटे यांचे नाव मात्र सर्वांसमोर होते. लेखिका मालतीबाई बेडेकर होत्या हे पुढे प्रकट झाले. टोपणनावाआड लेखकास राहता येते, प्रकाशकास राहता येत नाही.

तिसरा मानकरी विक्रेता. पुस्तक गोदामातून वाचकाच्या हाती जाणे हे सर्वांत बिकट काम आहे. वितरक प्रकाशकाकडून पुस्तके घेऊन गावोगावच्या दुकानदारांना पुरवितो आणि दोघे मिळून छापील किमतीच्या पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत सूट घेतात. हा आकडा मोठा वाटतो खरा. पण त्यातूनच दुकानाचे भाडे, विजेचे देयक, नोकरांचे पगार आणि ग्राहकाला दिलेली सवलत भागवावयाची असते. दुकानदाराने मागविलेली सर्व पुस्तके खपतातच असे नाही. कित्येक प्रती महिनोन् महिने फळीवर पडून परत जातात. चांगला विक्रेता केवळ पैसे घेऊन पुस्तक देत नाही. कोणत्या वाचकाला काय रुचेल हे तो जाणतो. मुंबईत गणेश भटकळ यांनी १९२४ साली पॉप्युलर बुक डेपो काढला तो पुस्तकविक्रीसाठीच. वाचकांची पारख झालेल्या या दुकानातूनच पुढे १९५२ पासून मराठी प्रकाशनाची एक नामवंत संस्था उभी राहिली.

आता हिशेब करू. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे ठोकळ घेतले आहेत. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि आवृत्ती १,००० प्रतींची. मराठीत साधारण पुस्तकाची पहिली आवृत्ती हजारांची किंवा त्याहूनही लहान असते. वितरक व विक्रेता यांची सूट चाळीस टक्के धरली तर १२० रुपये त्यांचे. लेखकाचे दहा टक्के, म्हणजे ३० रुपये. उरले १५० रुपये प्रकाशकाकडे. सबंध आवृत्ती सिद्ध करण्यास ९०,००० रुपये लागले असे मानू. ही रक्कम पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच खर्च झालेली असते. दर प्रतीमागे १५० रुपये परत येऊ लागले तर ६०० वी प्रत विकली जाईपर्यंत प्रकाशकाच्या हाती केवळ त्याचाच पैसा परतत असतो. पुढच्या ४०० प्रतींतून जे मिळेल त्यातून गोदाम, नोकर, जाहिरात आणि न खपलेल्या दुसऱ्या पुस्तकाचे नुकसान भरून काढावयाचे असते.

आणि लेखक? सर्व हजार प्रती खपल्या तर त्याला ३०,००० रुपये मिळतील. लिहिण्यास दोन वर्षे व आवृत्ती संपण्यास तीन वर्षे लागली असे धरल्यास पाच वर्षांचे हे उत्पन्न महिन्याला ५०० रुपये पडते. आम्ही हा हिशेब कागदावर मांडून त्या विद्यार्थ्यापुढे ठेवला, तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही.

लेखक, प्रकाशक आणि विक्रेता या तिन्ही भूमिका एकाच माणसाने पार पाडल्या तर काय होते, याचे एक थोर उदाहरण मराठीत आहे आणि त्याचा आपल्या शहराशीही संबंध आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परत आले आणि त्यांनी मराठीत ज्ञानकोश निर्माण करण्याचा संकल्प केला. पाठीशी राजाश्रय नव्हता. तेव्हा त्यांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित मंडळी, म्हणजे कंपनी स्थापन केली, तिचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले आणि त्यासाठी गावोगाव माणसे हिंडविली. विद्वानाने दारोदार ग्राहक शोधावेत याचे कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु ज्ञानाचे काम विक्रीच्या व्यवस्थेवाचून तडीस जात नाही हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्या कार्याची हकीकतही त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून ठेवली आहे. याच केतकरांच्या अध्यक्षतेखाली १९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. अशा कर्तबगार माणसाचे अखेरचे दिवस मात्र आर्थिक विवंचनेत गेले आणि १९३७ साली त्यांचा अंत झाला. ग्रंथ अमर होतो. ग्रंथकर्त्याचा संसार मात्र रोजच्या रोज चालवावा लागतो.

म्हणूनच लेखकाच्या हक्काला कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या वा त्याच्या वारसांच्या, किंवा ज्याला त्याने हक्क दिला असेल त्याच्या, अनुमतीवाचून पुस्तक छापता येत नाही. प्रारंभी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९९२ साली ती साठ करण्यात आली. तुम्हां सर्वांच्या परिचयाचे उदाहरण ‘श्यामची आई’ चे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. मृत्यूचे वर्ष संपल्यापासून साठ वर्षे मोजली म्हणजे २०१० ची अखेर येते. म्हणून २०११ पासून ते पुस्तक कोणीही प्रकाशक छापू शकतो आणि आज त्याच्या अनेक आवृत्त्या बाजारात दिसतात. साठ वर्षे ते ग्रंथकर्त्याच्या बाजूचे धन होते, आता ते सर्व समाजाचे झाले.

परंतु जे पुस्तक अद्याप या मुदतीत आहे, ते सबंध यंत्रावर उतरवून वाटणे किंवा भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना पाठविणे हा अपराध आहे आणि त्याला तुरुंगवास व दंडाची शिक्षा सांगितलेली आहे. अभ्यासासाठी थोडा भाग उतरवून घेण्यास कायदा आड येत नाही. ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचणे तर उत्तमच. कोठीच्या दुकानांत किंवा रविवारी आबिड्सच्या पदपथावर जुनी पुस्तके विकत घेण्यातही गैर काही नाही. त्या प्रतीचे मोल लेखकाला पहिल्याच विक्रीत पोचलेले असते. मात्र चोरून केलेल्या प्रतीचे मोल कोणालाच कधी पोचत नाही. ‘एका प्रतीने काय होते?’ असे म्हणणाऱ्याने ६०० व्या प्रतीची वाट पाहणारा प्रकाशक डोळ्यांपुढे आणावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस आणखी एक अडचण आहे: मराठी पुस्तक सहजासहजी दृष्टीसच पडत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी ही उणीव फार पूर्वी जाणून १९२२ साली हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. दिलसुखनगरहून मेट्रोने उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर उतरले की कोठीचा परिसर जवळच आहे. विकत घ्यावयाचे तर बहुधा टपालाचाच मार्ग उरतो. छापील पुस्तकांची जुनी नोंदणीकृत सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांना मोठी चिंता पडली. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. आरंभी ठरलेल्या दरांप्रमाणे तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पुडक्यास वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. यातून एक सोपे गणित निघते. पाव किलोचे एक पुस्तक एकट्याने मागविले तर वाटखर्च वीस रुपये. तशी वीस पुस्तके वीस घरांनी मिळून मागविली तर प्रत्येकी पाच रुपये. एका वर्गातील मुलांना हे सहज जमण्यासारखे आहे.

त्या विद्यार्थ्याने तो कथासंग्रह आमच्याकडून वाचावयास नेला. आठ दिवसांनी पुस्तक परत आणताना तो म्हणाला, “काका, आजीलाही फार आवडले. तिला स्वतःचे हवे आहे. कोठे पैसे पाठवायचे?” आम्ही त्याला प्रकाशकाचा पत्ता उतरवून दिला. आता तिच्या तीनशे रुपयांतले एकशेवीस कोणाचे, दीडशे कोणाचे आणि तीस कोणाचे, हे त्याला सांगण्याची गरज उरली नव्हती.

लेखक, प्रकाशक, विक्रेता या तिघांची नावे पुस्तकावर किंवा पावतीवर असतात. चौथ्याचे, म्हणजे वाचकाचे नाव कोठेच छापलेले नसते. पण तिघांचाही व्यवहार त्याच्याच ओंजळीतून चालतो. दिलसुखनगरच्या दुकानात मराठी पुस्तक नाही, कारण ते मागणारा कोणी तेथे जात नाही. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या पैशांतून का होईना, एक मराठी पुस्तक विकत घ्या आणि दुकानात गेलात की त्याची चौकशी अवश्य करा. दहा जणांनी विचारले तर अकराव्याला कदाचित ते तेथेच मिळेल.