बदलता पत्ता, स्थिर नाव

उज्जैन नगरीच्या उत्तरेस क्षिप्रेकाठी वसलेले भैरवगढ काळभैरवाच्या देवळाइतकेच मेण लावून रंगविलेल्या बाटिक कापडासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या कारागिराने आपल्या चादरींचे नमुने घरच्याच संगणकावरील संकेतस्थळावर मांडावयाचे ठरविले, तर एक चमत्कारिक अडचण उभी राहते. रात्री वीज जाते, राउटर पुन्हा सुरू होतो, आणि सकाळी मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते संकेतस्थळ सापडत नाही. दुकान उघडे, माल जागेवर, पण रस्ता हरवलेला!

याचे कारण आयपी पत्ता. आंतरजालावरील जोडणीस लागणारे हे क्रमांक जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते जगाला अपुरे पडतात. म्हणून घरगुती ग्राहकाला कंपनी बहुधा तात्पुरता क्रमांक देते आणि तो केव्हाही बदलतो.

नावावरून क्रमांक शोधणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. तिच्या नोंदवहीत जुनाच क्रमांक राहिला तर गिऱ्हाईक भलत्याच दारी जाते. यावरील तोड म्हणजे डायनॅमिक डीएनएस. राउटरमधील एक लहानसा प्रोग्रॅम आपल्या क्रमांकावर पाळत ठेवतो आणि तो बदलताच परवलीच्या शब्दासह नोंदवहीस कळवितो. नोंदीत असा आपोआप फेरफार करण्याची एक प्रमाणित रीत १९९७ साली प्रसिद्ध झाली. मात्र नोंद किती काळ ग्राह्य मानावी, हेही ठरवावे लागते. ती मुदत दिवसभराची ठेवली, तर इतरांचे संगणक दिवसभर शिळाच पत्ता वापरतील. साठ सेकंदांची बरी. शिवाय ८० व ४४३ या क्रमांकांच्या द्वारांवर आलेली मागणी घरातील कोणत्या संगणकाकडे धाडावी, हे राउटरला एकदा सांगून ठेवावे लागते.

एवढे करूनही पुष्कळांची निराशा होते. कित्येक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मग नाव चाळीच्या फाटकापर्यंत पोहोचते, खोलीपर्यंत नव्हे. राउटरने बाहेरच्या जोडणीसाठी दाखविलेला क्रमांक १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर बहुधा हाच प्रकार समजावा. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची वाण नाही. परंतु गिऱ्हाइकाकडेही ती सोय हवी. वीज गेलेली असेतोवर मात्र संकेतस्थळ बंदच राहील. त्याला इन्व्हर्टरच हवा.