मुलीला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे आहेत? मग कॉलेज असे पाहा



बारावी झालेली मुलगी 'मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे आहेत' म्हणाली, की घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पण हा विषय आपला नव्हे, असे समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती खुली झाली, पण ४० टक्के शुल्कासह. ते शुल्क पुरते उठायला एप्रिल २०२५ उजाडला. बांगलादेशातील गिऱ्हाईक तुटले की लासलगावला भाव उतरतो, हे आपण जाणताच. देशादेशांतील करार, व्यापार आणि भांडणे कशी चालतात, तेच या विषयात शिकवतात.

आता कॉलेजविषयी. माहितीपत्रकातील रंगीत इमारतींना भुलू नये. खाजगी विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांच्या घरात जाते, शिवाय वसतिगृह व खाणावळ निराळी. फीसाठी जमिनीचा तुकडा विकायचे मनात येत असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की विकू नका. पदवीला याच नावाचा अभ्यासक्रम हवा, असे मुळीच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी. ए. केले तरी पाया पक्का होतो. तेथे ग्रंथालय उघडे असते का, प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, हे मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ऑफिसात विचारून खरे कळत नाही!

पुढे एम. ए.साठी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. तेथील आंतरराष्ट्रीय अध्ययन विभागाची मूळ संस्था १९५५ची. ती १९७० मध्ये विद्यापीठात सामील झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातही स्वतंत्र विभाग आहे. दोन्ही सरकारी, त्यामुळे फी खाजगीपेक्षा पुष्कळच कमी. नेहरू विद्यापीठात सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून जावे लागते. त्याची तयारी व इंग्रजी वाचनाची सवय बी. ए.च्या पहिल्या वर्षापासून हवी. जोडीला एखादी परदेशी भाषा शिकल्यास उत्तम. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे असे वर्ग चालतात.

परराष्ट्र सेवेत जायचे असेल, तर लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आमची बी. एस्सी. अॅग्रीसुद्धा! मुख्य परीक्षेचे बहुतेक पेपर मराठीतून लिहिता येतात.

एखाद्या नव्या विद्यापीठात पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी पाहून घ्यावी. आणि पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च कागदावर लिहून मागावा.