पाटीवरचे इंग्रजी शब्द समजून घेऊ या

दवाखान्याच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी शब्द दिसले की आपण गोंधळतो आणि चुकीच्या दारात वेळ-पैसा घालवतो. पण हे शब्द समजायला अवघड नाहीत. 'फिजिशियन' औषधोपचार करतो, 'सर्जन' शस्त्रक्रिया. 'कार्डिओलॉजिस्ट' हृदयाचा, 'नेफ्रोलॉजिस्ट' मूत्रपिंडाचा, 'न्यूरोलॉजिस्ट' मेंदू व मज्जातंतूंचा तज्ज्ञ.

फसगत होते ती सारख्या वाटणाऱ्या शब्दांत. 'ऑप्टिशियन' चष्मा बनवून देतो, 'ऑप्टोमेट्रिस्ट' नंबर तपासतो. मोतीबिंदू काढतो तो 'ऑफ्थॅल्मोलॉजिस्ट', म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर. 'सायकिॲट्रिस्ट' हा मनोविकारांवर औषध देणारा डॉक्टर. 'सायकॉलॉजिस्ट' समुपदेशन करतो.

'कन्सल्टंट' म्हणजे सल्लागार. एवढ्यावरून शिक्षण कळत नाही. म्हणून पदवी वाचावी. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी. असेल तर तो त्या विषयाचा तज्ज्ञ. दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. तो दिसला नाही तर विचारण्यात संकोच कसला? तो आपला हक्क आहे.

घरातील शिकत्या मुलामुलींनी पुढच्या वेळी आजी-आजोबांसोबत जावे, पाटी वाचून दाखवावी आणि अर्थही सांगावा.